हिरूकाकीच्या वालातला ट्रॅक

भात कापून झालं की मला शेत दिसत नाही, ट्रॅक दिसतो. दिवाळी उलटलेली असते, पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या असतात आणि रिकाम्या खाचरांत नुसती धसकटं उभी असतात. शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याने स्कूटरवर जाताना माझी मान आपोआप बाजूला वळते. इथली माती भुसभुशीत, इथे मोठ्या खुंट्यांचा टायर लागेल. इथे वरून धूळ आणि खाली दगड, इथे बारीक काट्यांचा. मागे बसलेली बायको पाठीत बोट खुपसून म्हणते, "समोर बघा, ट्रक येतोय." आता या वयात ही खोड जाण्यातली नाही. परवा एका नातेवाइकाकडे साखरपुड्याला गेलो आणि चपला काढल्याबरोबर अंगठ्याने अंगण दाबून पाहिलं. छान कडक होतं, नुकतं सारवलेलं. यजमान धावत आले आणि म्हणाले, "खाली बसू नका, खुर्च्या आणतोय." त्यांना काय सांगणार?

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिमोटवर चालणारी गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जत्रेतलं खेळणं येतं. आमच्या गाड्या तशा नव्हत्या. हातभर लांब, पोटात बॅटरी, आणि चार चाकांना चार वेगळे शॉकअप. बोटाएवढ्या नळीत तेल, तेलात भोकं पाडलेली चकती, बाहेरून स्प्रिंग. गाडी बांधावरून उडून खाली आदळली की चकती तेलातून हळूहळू खाली सरकते आणि गाडी मांजरीसारखी बसते. तेल पातळ झालं तर गाडी बसते आणि लगेच पुन्हा उडते. तेल घट्ट झालं तर बसतच नाही. या दोहोंच्या मधली जागा शोधण्यात मी आयुष्यातली चार-पाच वर्षं आनंदाने घालवली. त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची ती वर्षं. मी तेव्हा वाशिंदला एका कारखान्यात होतो. सकाळी मशीन सुरू करायचं, संध्याकाळी बंद करायचं. मधल्या वेळात माझं काय व्हायचं हे मलाच कळत नसे. शेजारच्या मशीनवर बाळाराम होता. तो मुरबाड तालुक्यातला, आठवडाभर वाशिंदला खोलीवर राहायचा आणि शनिवारी गावी पळायचा. आमच्या एका साहेबांची परदेशात बदली झाली तेव्हा त्यांनी घर आवरताना दोन जुन्या गाड्या आम्हाला दिल्या. बाळारामने त्यातली एक उलटी करून हाताने चाक फिरवलं, शॉकअप दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सुधा, ही जित्ती हाय रे." त्या दिवसापासून आमचे रविवार ठरून गेले.

हळूहळू सात-आठ जण जमले. शहापूरचा एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, मुरबाडचे दोन शिक्षक, आमच्याच कारखान्यातले काही. वाशिंदला स्टेशनपलीकडे एक पडीक माळ होता, तिथे आम्ही गाड्या पळवायचो. भारनियमनामुळे घरी वीज कधी असेल याचा भरवसा नसायचा, म्हणून बॅटऱ्या एका जीपच्या बॅटरीवरून चार्ज करायचो. जीपवाला बिचारा बॉनेट उघडून स्वतःही शर्यत बघत बसायचा. मग त्या माळावर खुंट्या ठोकल्या गेल्या, दोऱ्या बांधल्या गेल्या आणि पुढच्या खेपेस गेलो तर इमारतीचा पाया खणलेला. बाळाराम त्या खड्ड्याच्या काठावर गाडी काखेत धरून उभा राहिला होता. मला तो चेहरा अजून आठवतो.

"आमच्या गावाला चला," तो म्हणाला. "हिरूकाकीचं शेत हाय. उतरनीला हाय. वरून खाली चार बांध."

हिरूकाकी ही त्याची सख्खी काकी. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं आणि शेती ती एकटी बघायची. नांगराला तेवढा बाळाराम यायचा. उंच, सडसडीत, कासोटा घातलेलं लुगडं आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट बघायची सवय. तिचं भात त्या वर्षी नुकतंच कापून झालं होतं. खळ्यावर झोडणी चालू होती, तोवर तिने आम्हाला शेतात गाड्या पळवू दिल्या. "भात झोडून व्हईस्तवर खेळा," ती म्हणाली. पुढे काय, ते ना तिने सांगितलं ना आम्ही विचारलं.

काय ते दिवस होते! नव्या पेंढ्याचा वास, खळ्यावरून येणारा झोडणीचा धप्प धप्प आवाज, आणि आमच्या गाड्यांचा तो मधमाशीसारखा गुंजारव. उन्हं तिरकी व्हायला लागली की मातीचा रंग बदलायचा आणि पकडही बदलायची. दुपारी वरची धूळ सुटी असे, तेव्हा टायर घसरायचे. मग बारीक काट्यांचे टायर चढवायचे. त्यांचे काटे धुळीतून खालच्या कडक मातीपर्यंत पोचतात. खालच्या खाचरात अजून ओल होती, तिथे तेच काटे चिखलाने भरून गुळगुळीत व्हायचे, म्हणून तिथे लांब खुंट्यांचे. आणि एकाच फेरीत वरचं कोरडं आणि खालचं ओलं दोन्ही यायचं, तेव्हा करायचं काय? आम्ही तासन् तास वाद घालायचो. बाळाराम नेलकटरने खुंट्यांचे शेंडे कातरायचा. टायरच्या आत भरायला जुन्या गादीतला स्पंज कापून घ्यायचो. जास्त भरला तर टायर दगड होतो, कमी भरला तर शेतातल्या सागाच्या झाडाभोवती वळताना रिंगवरून सुटतो. जगातली कुठलीही गोष्ट इतकी महत्त्वाची नव्हती. आजही वाटतं की नव्हतीच.

शॉकअपमधलं मूळ तेल कधीच गळून गेलं होतं आणि तसलं तेल मिळण्याची सोय आमच्याकडे नव्हती. आम्ही शिलाई मशीनचं तेल घालून पाहिलं. गाडी टुणटुण उड्या मारायला लागली. मग ट्रॅक्टरचं ऑइल घातलं, ते इतकं जाड की चकती हलेना. एके दिवशी बाळारामने घरातून खोबरेल आणलं. भर दुपारी बांधावरून गाडी सोडली आणि ती हवेत गेली, खाली आली आणि बसली. तेवढंच झालं. ती बसली, चाकं जमिनीला चिकटून राहिली आणि पुढच्या बांधाकडे पळाली. आम्ही दोघं एकमेकांना मिठी मारून नाचलो. खळ्यावरच्या बायका झोडणी थांबवून बघत राहिल्या.

झोडणी संपली त्या दिवशी काकी शेताच्या बांधावर येऊन उभी राहिली. खाली वाकून तिने मूठभर माती उचलली, दाबली, बोटांनी फोडली आणि म्हणाली, "वाफसा आलाय. आता वाल टाकीन."

आमच्या भागात भातामागून वाल येतात. जमिनीत उरलेल्या ओलीवरच ते उगवतात, वरून पाणी लागत नाही. म्हणून पेरायला दिवस मोजकेच मिळतात. आसपासच्या सगळ्या शेतांत नांगर फिरला होता. हे एकच शेत उरलं होतं आणि तेही गेलं तर पुढच्या भातकापणीपर्यंत आम्हाला जागा नव्हती. म्हणजे गाड्या माळ्यावर आणि मी मशीनवर. तुम्ही हसाल, पण माझी नोकरी गेली असती तरी मी इतका हादरलो नसतो. मी काकीला म्हणालो, "काकी, होळीपर्यंत शेत असंच राहू द्या ना. आम्ही जपू."

"आनि मी खाऊ काय, तुमची गाडी?"

बाळाराम पुढे सरसावला. "काकी, तू बघितलीस कशी चालते ती. चारी बांध उडून जाते, कलंडत नाय."

"मी लांबून बघितली. खोटं नाय बोलत तू?" तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. नंतर मला समजलं की तिलाही या खेळाची गंमत वाटायला लागली होती. "बरं. उद्या सकाळी नांगर जुपायच्या आधी मी येते. माझ्यादेखत गाडी चारी बांध उडून सरळ खाली गेली तर शेत होळीपत्तुर तुमचं. कलंडली, तर नांगर माझा. मग रडायचं नाय."

आम्ही हसत हसत कबूल झालो. गाडी कलंडणारच नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही स्प्रिंगा तपासल्या, चाकं किंचित आत झुकवली, नवे टायर चिकटवले. सगळं नीट केलं. असं नीट की आज आठवलं तरी कौतुक वाटतं.

सकाळी कडाक्याची थंडी होती. दवाने धसकटं ओली झाली होती, तोंडातून वाफ निघत होती आणि समोरचा डोंगर धुक्यात अर्धा बुडाला होता. काकी घोंगडी पांघरून बांधावर बसली. पलीकडे बैल जुंपून उभे होते. बाळारामने रिमोट हातात घेतला, नमस्कार केला आणि गाडी सोडली.

पहिल्या बांधावरून ती झकास उडाली. पण खाली आली ती बसलीच नाही. आदळली आणि चेंडूसारखी परत वर गेली, वाकडी तिकडी, मग एका चाकावर, मग नाकावर. दुसऱ्या बांधापर्यंत ती कशीबशी पोचली आणि तिथे सरळ उताणी पडली. चारी चाकं आभाळाकडे करून गरगरत राहिली.

काकी उठली, खाली गेली, गाडी उचलली आणि तिने पाठीवर अंगठा दाबून पाहिलं. गाडी तसूभरही दबली नाही.

"ही तर लाकडाची हाय रे," ती म्हणाली.

"काल बरी होती," बाळाराम रडवेला झाला होता. त्याने गाडी घेतली, चारी शॉकअप काढले आणि काय सुचलं कुणास ठाऊक, शर्टाच्या आत घालून काखेत धरले. दोन्ही हात आवळून तो बांधावर उकिडवा बसला.

काकी त्याच्याकडे बघत राहिली. "बाळू, काय घातलंय तू त्यात?"

"खोबरेल."

मग हिरूकाकी हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग बांधावर बसकण मारून. "अरे मुडद्यांनो," तिला बोलवेना, "माझी बाटली आंगनात ठेवलीय! ऊन यायची वाट बघत! केस तरी इंचरलेत का मी, बघा!" आणि तिने डोक्यावरचा पदर मागे सारून आपले कोरडे, विस्कटलेले केस दाखवले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थंडीत खोबरेल थिजतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवाळीपासून होळीपर्यंत घराघरांत बाटली उन्हात नाहीतर चुलीशेजारी ठेवलेली असते. त्याच सकाळी बाळारामने स्वतः चुलीपाशी बाटली धरली होती, तळहातावर तेल वितळवून डोक्याला चोपडलं होतं आणि चकचकीत भांग पाडून तो ट्रॅकवर आला होता. तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. डोक्याचं तेल वेगळं आणि गाडीचं तेल वेगळं, असं काहीतरी आमचं झालं असावं. मीही हसत सुटलो. बाळाराम मात्र काख आवळून बसला होता आणि म्हणत होता, "थांब काकी, पातळ व्हतंय. पातळ व्हतंय बघ."

पण शब्द म्हणजे शब्द. काकीने डोळे पुसले, हसू आवरलं आणि बैलांकडे बोट दाखवलं. "चल, ऊठ. ओल थांबायची नाय माझ्यासाठी."

आणि नांगर कोण धरणार? बाळारामच! घटकेपूर्वी ज्या हातात रिमोट होता त्याच हातात आता नांगराचा रुमणा. गडी निमूटपणे उठला. मी बांधावर खिळल्यासारखा बसून राहिलो. मला खरंच फार वाईट वाटलं. हसू आलं होतं म्हणून दुःख काही कमी झालं नव्हतं.

बैलांनी नांगराचं पहिलं तास अर्धं ओढलं असेल नसेल, काकीने त्यांना थांबवलं आणि मला हाक मारली. "सुधा, तुमची गाडी कुटून कुटून जाते?"

"आता काय करायचंय काकी?"

"दाखव की. का सगळंच उखडून टाकू?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बांधावरून उडीच मारली. मी पुढे चालायला लागलो, टाच मातीत ओढत, जिथून गाडी जायची तिथून खूण करत. बांधाखालून, सागाला वळसा घालून, खालच्या ओलसर खाचरातून पुन्हा वर. माझ्या खुणेच्या दोन्ही अंगांनी बाळारामचा नांगर चालला होता आणि त्याच्यामागे काकी ओटीतून वाल टाकत येत होती. वाटेवर एकही दाणा पडणार नाही असा तिचा हात चालत होता. वर ऊन आलं होतं. बाळाराम नांगर हाकता हाकता शीळ घालायला लागला. आयुष्यात मी खूप मिरवणुका पाहिल्या, पण त्या मिरवणुकीच्या पुढे चालायचा मान मला मिळाला होता.

त्याच दुपारी काकीने घरातून एक वाटी आणून दिली. तिच्या डोंगरउतारावरच्या खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, घाण्यावर काढलेलं तेल. "हे नाय थिजत," एवढंच म्हणाली. आणि नाही थिजलं. रबरी वायसर त्याने फुगायचे, दर महिन्याला बदलावे लागायचे, गाडीला भजी तळल्यासारखा वास यायचा. पण पहाटे असो की दुपार, गाडी मांजरीसारखी बसायची.

मग जो हंगाम आला तो मला अजून पुरला आहे. वाल उगवले, वेल पसरले, पांढरी-जांभळी फुलं आली आणि त्या हिरवळीतून आमची उघडी वाट वळत गेली. वळणं धुळीने फार घसरडी झाली तेव्हा काकीने खळं सारवतात तसा शेणकाला करून ती सारवून घेतली. त्या सारवणावर बारीक काट्यांचा टायर असा चिकटायचा की मुरबाडचे मास्तर खाली बसून टायरचा वास घ्यायचे. गाडी वाट सोडून गेली तर वेलांत अडकून अलगद थांबायची, मोडतोड नाही. फक्त काकीच्या शिव्या खायला लागायच्या, आणि त्या शिव्यांत सुद्धा ती विचारायची, "कोन पुढं हाय?" शेंगा भरल्या तेव्हा आम्ही शेतातच मडकं लावलं, शेंगा भाजल्या, आणि आजूबाजूच्या शेतांतली माणसं आपापल्या शेंगा घेऊन शर्यत बघायला आली. संध्याकाळच्या उन्हात धूर, शेंगांचा खरपूस वास, आणि बांधावर ओळीने बसलेले लोक हात उडवून ओरडताहेत. सुख याहून वेगळं असेल असं मला वाटत नाही.

होळी झाली. भाताच्या रोपांसाठी राब भाजले. मग पाऊस आला आणि शेत भाताचं झालं. नांगर सगळीकडून फिरला, चिखलणी झाली, वाट आणि शेत एक झालं, त्यावर लावणी झाली. मी मनात म्हटलं, आता संपलं.

श्रावणात बाळारामच्या घरी जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर हिरूकाकी म्हणाली, "चल, जरा वर टेकाडावर." पाऊस थांबला होता. ती पुढे आणि मी निसरड्या वाटेने मागे. वर गेल्यावर तिने नुसतं खाली बोट केलं.

खाली तिचं शेत होतं. काळंभोर, दाट भात. आणि त्या काळ्याभोर भातातून फिक्या, पोपटी रंगाची एक पट्टी वळत वळत गेली होती. बांधाखालून, सागाला वळसा घालून, खालच्या खाचरातून पुन्हा वर. आमचा अख्खा ट्रॅक भातात उगवून आला होता.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"जिथं वाल व्हतं तिथं जमिनीला जोर हाय. तुमच्या वाटंला वाल नव्हतं ना."

"म्हणजे तिथे भात कमी येणार?"

"येनारच."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न विचारून मी मोठी चूक केली होती. "शेत कोनाचं हाय?"

मी पुन्हा खाली पाहिलं. पट्टी सगळीकडे सारखी रुंद होती, पण सागापाशी, वळणावर, ती एकदम पसरट झाली होती. पोपटी रंगाचं मोठं थोरलं अंगणच होतं तिथे. मी तर टाच ओढताना तिथे एवढी जागा दाखवली नव्हती, आणि हंगामभर नजर गाडीवर असल्यामुळे ती कधी लक्षातही आली नव्हती. मी काकीला तसं म्हणालो.

"त्ये व्हय," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसून खाली उतरायला लागली. "मीच बाळूला सांगितलं, तिथं नांगर लांबून घे. तुमी नेहमी तिथंच पडायचे ना रे."